दुष्काळात पोरी पळवणाऱ्यांच्या आधी कॅम्पात पोहोचणाऱ्या पंडिता रमाबाई

साल होतं १८९७. मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाच्या बाजूला, भीषण दुष्काळ पडला होता. गावंच्या गावं रिकामी होत होती. सरकारने गरीबखाने आणि रिलीफ कॅम्प उघडले होते. जो येईल त्याला तिथे थोडंफार खायला मिळायचं.

पण या कॅम्पांच्या आसपास आणखी एक गर्दी असायची.

त्यात पुरुष होते, बायकाही होत्या. एकट्या पडलेल्या पोरी हेरायच्या, त्यांना गोडधोड खायला द्यायचं, नवे कपडे दाखवायचे, चांगल्या ठिकाणी नेतो म्हणून सांगायचं आणि घेऊन जायचं. कुठे न्यायचं हे सांगायची गरज नाही. आणि पोरगी गेली तरी कोणाला पत्ता लागत नव्हता, कारण ती तिथे आली होती याचीच धड नोंद नसायची. आई वाटेत गेलेली, बाप आधीच गेलेला, भाऊ कुठल्या तरी दुसऱ्या कॅम्पात. हरवली म्हणून तक्रार करायला मागे कोणी तरी असावं लागतं ना.

हे सगळं बघायला पुण्याहून एक बाई तिथे गेली होती. पंडिता रमाबाई.

रमाबाई म्हटलं की शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळी आठवतात. संस्कृतच्या पंडिता, शारदा सदन, विधवांचं शिक्षण. फार तर त्यांच्या धर्मांतराचा वाद. पण संकटात एकट्या पडलेल्या मुलांचं काय करायचं, त्यांची ओळख कशी टिकवायची, त्यांना कोणाच्या हाती द्यायचं, या आज जगभरातल्या संस्थांना छळणाऱ्या प्रश्नाशी या बाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी झुंज घेतली होती. त्यात त्यांच्यावर टीकाही झाली, आणि ती सगळीच चुकीची नव्हती.

आधी त्या तिथे का गेल्या ते बघू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. पुढे हे कुटुंब पुराण सांगत देशभर तीर्थयात्रा करत फिरलं. घर नाही, शेत नाही, गाव नाही. लोक जे देतील त्यावर चालायचं.

मग १८७० च्या दशकात मद्रासकडे दुष्काळ पडला. देणारेच उपाशी, तिथे पुराणिकाला कोण देणार? कष्टाची कामं कधी केलेली नाहीत आणि भीक मागायची तयारी नाही. एक वेळ अशी आली की वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. थोरल्या भावाने मजुरी करायची तयारी दाखवली तेव्हा तो विचार मागे पडला. पण काही दिवसांतच वडील गेले. मग आई गेली. मग बहीण. उरले ती दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास.

ही दोघं चालत चालत देश पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता बघून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. इथून पुढचं आयुष्य सगळ्यांना माहीत आहे. पण १८९७ मध्ये कॅम्पातल्या पोरी बघताना या बाईंना काय दिसलं असेल ते समजायचं तर आधीची चार वर्षं लक्षात ठेवावी लागतात. त्यांचं कुटुंब कुठल्याही मदतीच्या यादीत नव्हतं. त्या वाचल्या त्या सोबत भाऊ होता म्हणून.

पुढचा प्रवास भराभर सांगायचा तर, भाऊ १८८० मध्ये वारला. रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. मुलीला घेऊन त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनसमोर साक्ष दिली, इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथे ख्रिस्ती झाल्या. तिथून अमेरिकेला जाऊन त्यांनी भारतातल्या उच्चवर्णीय स्त्रियांवर पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकात त्यांनी जनगणनेतले बालविधवांचे आकडे मांडले होते. नुसतं ‘फार हाल आहेत’ म्हणून चालत नाही, किती जणींचे ते सांगावं लागतं, हे त्यांना तेव्हापासून कळलं होतं. पुस्तक गाजलं, बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि दहा वर्षांच्या मदतीची सोय झाली.

११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, इथल्याच विद्यार्थिनी.

१८९३ मध्ये वाद पेटला. मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, म्हणजे हे धर्मांतराचं केंद्र आहे, असा आरोप झाला. केसरीने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की त्या कोणावर सक्ती करत नाहीत. पालकांचं म्हणणं होतं की आमची मुलगी तिथे काय करते हे आम्हाला कळलं पाहिजे. खरं तर दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात.

तर अशा पार्श्वभूमीवर १८९७ चा दुष्काळ आला.

रमाबाईंकडे त्या वेळी ना जागा होती ना पैसा. असोसिएशनची मदत शारदा सदनातल्या विधवांसाठी होती, दुष्काळग्रस्त पोरींसाठी नाही. तरी त्यांनी तीनशे मुली आणायचं ठरवलं. आणि हे काम पत्रावर होणार नाही म्हणून स्वतः गेल्या. कॅम्पातून मुली घेऊन त्या पुण्याकडे यायला लागल्या.

आणि नेमका पुण्यात प्लेग.

शहरात आणखी मुली ठेवायला सरकारने मनाई केली. मग या पोरींना केडगावला नेलं. (नगरजवळचं केडगाव नाही, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं.) रमाबाईंनी तिथे फळबागेसाठी शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या.

याच काळात पुण्यात एक प्रकरण घडलं. प्लेग कमिटीचा प्रमुख होता रँड. गोरे सैनिक घराघरात घुसून तपासणी करायचे, संशय आला की माणसाला उचलून हॉस्पिटलात आणि घरच्यांना वेगळ्या कॅम्पात. शारदा सदनातली एक मुलगी अशीच नेली गेली. ती परत आली नाही. कुठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे, हे कोणी धड सांगेना.

रमाबाईंनी मे १८९७ मध्ये बॉम्बे गार्डियन या वर्तमानपत्रात पत्र लिहून हे उघड केलं. प्लेगच्या हॉस्पिटलात आणि कॅम्पात तरुण बायका सुरक्षित नाहीत, त्यांच्यावर लक्ष ठेवायला बायका नाहीत, असं त्यांचं म्हणणं. हे पत्र पार इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टच्या सरकारने आरोप फेटाळले. पण ज्या बाईला पुण्यातले सनातनी सरकारी आणि मिशनरी लोकांची माणूस समजत होते, तिनेच सरकारला नाव घेऊन प्रश्न विचारला होता. पुढच्याच महिन्यात, २२ जूनला, चापेकरांनी रँडवर गोळी झाडली आणि सगळा गोंधळ वेगळ्या दिशेला गेला.

म्हणजे बघा, एकाच वर्षात एकच गोष्ट दोनदा दिसली. मध्य प्रांतात पोरींना दलाल नेत होते, पुण्यात सरकारी यंत्रणा. एका ठिकाणी हेतू वाईट, दुसऱ्या ठिकाणी कदाचित चांगला. पण कोणी नेलं, कुठे नेलं, परत कधी येणार, याची नोंद नसेल तर पोरीच्या बाबतीत शेवट एकच.

२४ सप्टेंबर १८९८ ला केडगावात मुक्ती सदनाचं रीतसर उद्घाटन झालं. वर्षभर जातं न जातं तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरात-राजस्थानात अजूनही लोक त्याला छप्पनियो म्हणतात, कारण विक्रम संवत १९५६. निजामाच्या मराठवाड्यालाही त्याने सोडलं नाही. १९०१ च्या जनगणनेत औरंगाबाद जिल्ह्याची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

या वेळी रमाबाईंनी गुजरात-काठियावाडकडे आपल्या बायकांच्या तुकड्या पाठवल्या. त्यात काही जणी १८९७ मध्ये स्वतः वाचवून आणलेल्या. उपाशी, घाबरलेल्या पोरीशी बोलायचं कसं, तिचा विश्वास कसा मिळवायचा, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. कॅम्पात अनोळखी माणूस खाऊ दाखवून बोलावतो तेव्हा कुठली पोरगी कोणावर विश्वास ठेवेल? इथे बोलावणारी स्वतः तिथून गेलेली होती, हाच मोठा फरक. मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता टीकेचा भाग.

दुष्काळातल्या अनाथांबद्दल सरकारी धोरण साधारण असं होतं: आधी नातेवाईक शोधायचे, मग त्याच जातीधर्माचं कोणी सांभाळायला तयार आहे का ते बघायचं, कोणीच नसेल तर मिशनकडे द्यायचं. कागदावर हे बरोबर होतं. पण हजारोंच्या गर्दीत शोधणार कोण? ताप आलेल्या सहा वर्षांच्या पोरीला गावाचं नाव विचारलं तर ती काय सांगणार? मग जो आधी येईल आणि पोटाला घालेल त्याच्याकडे मूल जायचं. लाला लजपतराय यांनी हाच मुद्दा उचलला. आर्य समाजाने उत्तरेत अनाथालयं काढली, आणि लजपतरायांनी १९०१ च्या दुष्काळ कमिशनसमोर साक्ष दिली. दुष्काळाचा फायदा घेऊन मुलांचा धर्म बदलला जातोय, हा त्यांचा आक्षेप.

मुक्ती सदनातल्या मुली ख्रिस्ती होत होत्या, हे लपवायचं कारण नाही. रमाबाईंनीही लपवलं नाही. दुसरीकडे त्या पोरींसाठी त्यांच्याशिवाय दारात कोण उभं होतं, तर बहुतेक वेळा दलाल. पण मूल वाचवलं म्हणून ते वाचवणाऱ्याचं होतं का? त्याचं गाव, जात, भाषा, कुठे तरी जिवंत असलेला मामा, यांवर त्याचा हक्क संपतो का? हा प्रश्न रमाबाईंच्या कामातून सुटत नाही.

आज या प्रश्नावर नियम आहेत. भूकंप, पूर किंवा युद्धात एकटं सापडलेलं मूल ‘अनाथ’ असं लगेच धरायचं नाही, ‘कुटुंबापासून वेगळं झालेलं’ असं धरायचं. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून ही तत्त्वं मान्य केली. मूल कुठे सापडलं, कोणी आणलं, सोबत कोण होतं, अंगावर काय खूण आहे, ते कोणाला ओळखतं, हे सगळं पहिल्याच भेटीत लिहायचं. शोध लागेपर्यंत शक्यतो लांब न्यायचं नाही. आणि ही माहिती कुलुपात ठेवायची, कारण एकट्या मुलांची यादी चुकीच्या हातात पडली तर ती दलालासाठी तयार पत्त्यांची वही होते. आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सापडलेल्या मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर न्यावं लागतं. असं मूल दिसलं तर परस्पर घरी न नेता १०९८ ला फोन करायचा, तो यासाठीच.

रमाबाईंच्या काळात यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडे जमीन होती, बायका होत्या आणि जिद्द होती. पोरींना त्यांनी नुसतं बसवून खाऊ घातलं नाही. शेती, विणकाम, छपाई शिकवली. मनोरमाने अंध मुलींना ब्रेल शिकवलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं काढलं. छापखान्यात मुली खिळे जुळवायच्या, आणि रमाबाई शेवटपर्यंत हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर करत बसायच्या.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. ज्या सरकारने २२ वर्षांपूर्वी त्यांचे आरोप फेटाळले होते, तेच हे सरकार.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था तिच्या हाती सोपवायची असं ठरलं होतं. त्यानंतर वर्षही झालं नाही, ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच रमाबाई गेल्या. मुक्ती मिशन तिथे आजही चालू आहे. दौंडकडे जाणाऱ्या गाडीतून केडगाव स्टेशन लागतं, तिथून ते जवळच आहे.