डॉ. वासरमान व त्यांची रक्तपरीक्षा

उपदंश हा शब्द शाळेच्या वार्षिकात पाहून वाचकांनी बिचकू नये. लाजेपायी लपविला गेल्यामुळेच हा रोग शतकानुशतके फोफावला. सोळाव्या शतकात भावमिश्राने त्यास फिरंगरोग म्हटले. आम्ही कोंकणी, फिरंगी आमच्या परिचयाचे. परंतु युरोपातही प्रत्येक देश ह्या व्याधीला शेजाऱ्याचेच नाव देई!

रोग मोठा कपटी. प्रारंभीचा व्रण आपोआप बुजतो, रोगी निश्चिंत होतो, आणि कित्येक वर्षांनी हृदयास वा मेंदूस विकार जडतो. मातेकडून तो गर्भासही ग्रासतो. मधल्या काळात बाहेरून काहीच दिसत नसता तो ओळखावा कसा?

हा प्रश्न ज्यांनी सोडविला ते ऑगस्ट वासरमान २१ फेब्रुवारी १८६६ रोजी जर्मनीतील बांबेर्ग येथे एका पेढीवाल्या घराण्यात जन्मले. १८८८ साली वैद्यकाची पदवी घेऊन ते पुढे बर्लिनला रॉबर्ट कॉख ह्यांच्या संस्थेत रुजू झाले. १९०५ साली शाउडिन व हॉफमान ह्यांना उपदंशाचे मळसूत्री जंतू सापडले. पुढच्याच वर्षी वासरमान ह्यांनी नायसर व ब्रुक ह्यांच्यासह आपली परीक्षा सिद्ध केली.

युक्तीचे मूळ बेल्जियमच्या बोर्दे ह्यांच्या शोधात होते. रोग्याच्या रक्तद्रवात यकृताचा अर्क व गिनीपिगच्या रक्तातील ‘पूरक’ द्रव्य मिसळावयाचे. रोग असल्यास पूरक तेथेच खर्ची पडते. मग मेंढीच्या तांबड्या पेशी, त्यांना फोडणाऱ्या प्रतिद्रव्यासह, घालावयाच्या. पूरक उरले असेल तर पेशी फुटून द्रव पारदर्शक लाल होतो. नसेल तर त्या तशाच तळाशी बसतात.

खरी मौज पुढेच आहे. अर्कासाठी वासरमान उपदंशाने दगावलेल्या अर्भकाचे यकृत घेत, कारण त्यात जंतू विपुल. परंतु निरोगी अवयवांच्या अर्कानेही काम भागते, असे १९०७ सालीच इतरांनी दाखविले. म्हणजे परीक्षा उपयोगी, उपपत्ती मात्र चुकीची! शिवाय हिवताप वा कुष्ठरोग झालेल्या माणसाचे रक्तही कधी कधी खोटी साक्ष देई. ज्या रोगाला कलंक चिकटलेला, तेथे अशा एका चुकीने एखादे घर मोडावयाचे. ही गोष्ट आम्हांस परीक्षेच्या कीर्तीहून लहान वाटत नाही.

१९१० साली एर्लिख ह्यांचे सॅल्व्हर्सान औषध निघाले, आणि परीक्षेचे मोल वाढले. नोबेल पारितोषिक पुढे बोर्दे ह्यांना लाभले, वासरमानांना नव्हे. १६ मार्च १९२५ रोजी ते निवर्तले. अर्कातील खरे कार्यकारी द्रव्य, कार्डिओलिपिन, १९४१ साली मेरी पँगबॉर्न ह्यांनी गुरांच्या हृदयातून वेगळे केले. त्यावर आधारलेली व्ही. डी. आर. एल. ही सोपी परीक्षा आज आपल्या उज्जैनमध्येही गरोदर स्त्रियांसाठी करतात. रोग पक्का करण्यास जंतुविरोधी प्रतिद्रव्ये शोधणारी दुसरी परीक्षा असते. आणि वेळेवर पेनिसिलिन टोचले तर पोटातले मूलही बहुधा वाचते.