मेजर रॉबर्ट गिल : अजिंठ्याच्या जंगलात आयुष्य काढलं, पण चित्रं लंडनमध्ये जळाली

छत्रपती संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्याला लागलं की साधारण शंभर किलोमीटरवर अजिंठा गाव येतं. पुढे घाट उतरला की फर्दापूर. आज आपण तिथे गाडी लावतो, बसने लेण्यांपर्यंत जातो, दोन-तीन तास फिरतो आणि परत निघतो.

मेजर रॉबर्ट गिल मात्र इथे आला आणि इथलाच झाला.

शिकारीतून सापडलेली लेणी

गोष्ट सुरू होते वाघापासून. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ हा ब्रिटिश अधिकारी शिकारीसाठी वाघूर नदीच्या दरीत फिरत होता. तेव्हा त्याला झाडीत दडलेली लेणी दिसली. दहाव्या क्रमांकाच्या लेणीतल्या खांबावर त्याने कोरलेलं नाव आजही आहे.

लेणी जगासमोर आली आणि नवाच प्रश्न उभा राहिला. शेकडो वर्षं टिकलेले भिंतींवरचे रंग निघू लागले होते. रंगीत फोटो तेव्हा नव्हते. म्हणजे चित्रं वाचवायची तर हाताने नक्कल करणं हाच मार्ग होता.

चाळिशीत मिळालेलं काम

अभ्यासक जेम्स फर्ग्युसन आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने पाठपुरावा केला. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हे काम मद्रास सैन्यातल्या गिलवर सोपवलं. 1804 मध्ये जन्मलेला गिल तेव्हा चाळिशीत होता. हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि चहूबाजूंनी दाट जंगल.

अंधाऱ्या लेण्या, वटवाघळं, पावसाळ्यातली ओल. अशा ठिकाणी उभं राहून तो मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात भिंतींची नक्कल करायचा. चित्रकलेइतकाच तो ओळखला जायचा वाघांच्या शिकारीसाठी. या डोंगरांत त्या काळी वाघ सर्रास होते आणि शिकारीवर बंदी नव्हती.

याच काळात त्याच्या आयुष्यात पारो ही स्थानिक तरुणी आली. गिल विवाहित होता. 1856 मध्ये पारोचा मृत्यू झाला. तिची कबर अजिंठा गावात आहे. ना. धों. महानोरांचं 'अजिंठा' हे दीर्घकाव्य आणि 2012 चा नितीन देसाईंचा सिनेमा यांच्यामुळे ही प्रेमकथा घराघरात पोहोचली. पण त्या नादात गिलचं काम मागे पडलं.

एक आग आणि सगळं संपलं

वर्षानुवर्षं खपून केलेली चित्रं लंडनला गेली आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली गेली. डिसेंबर 1866 मध्ये तिथे आग लागली आणि जवळपास सगळी चित्रं जळाली. प्रदर्शनात नसलेली मोजकीच वाचली. त्यातली काही आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

हा तोटा एकट्या गिलचा नव्हता. मूळ भिंतींवरचा रंग नंतरही झडत राहिला. त्यामुळे 1840-50 च्या दशकात ही चित्रं कशी दिसत होती, याचा मोठा पुरावाच नष्ट झाला. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याचशा 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या.

मग उरलं काय?

उरले ते गिलचे फोटो. 1850 च्या दशकात त्याने कॅमेरा हातात घेतला होता. 1864 मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं आली. एक होतं कोरीव लेण्यांवर. दुसऱ्यात शंभर स्टिरिओस्कोपिक फोटो होते. म्हणजे एकाच दृश्याचे दोन फोटो शेजारीशेजारी, खास भिंगातून पाहिले की चित्राला खोली येते. त्यात वास्तूंसोबत इथले वन्यप्राणीही आहेत, तेही शिकार झालेले. म्हणजे या जंगलात काय काय होतं, याची नोंद शिकाऱ्यानेच ठेवली.

1879 मध्ये गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

त्याच्या काळातलं जंगल आता राहिलेलं नाही आणि वाघही इथून नाहीसे झाले. मात्र 2021 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ शेकडो किलोमीटर चालत याच डोंगररांगेतल्या गौताळा अभयारण्यात पोहोचला. यावेळी त्याच्यासमोर बंदूक नव्हती. होता तो फक्त वनविभागाचा कॅमेरा.