गोटीच्या बाटलीचा जनक हायरम कॉड

जत्रेंत गोटीचा सोडा ज्यांनीं पाहिला नाहीं असे विद्यार्थी थोडेच असतील. ती युक्ति काढणारा हायरम कॉड हा इंग्लंडांतील सफोक परगण्यांत बेरी सेंट एडमंड्स या गांवीं १८३८ सालीं जन्मला.

तरुणपणीं तो बुचें विकणाऱ्या एका कंपनीचा फिरता प्रतिनिधि होता. त्या काळीं सोड्याच्या पुष्कळ बाटल्या बुडाशीं अंड्याप्रमाणें निमुळत्या करीत. त्या उभ्या राहूं नयेत, आडव्याच पडाव्या, हाच हेतु. कारण आडव्या बाटलींत बूच ओलें राहतें, उभींत तें सुकून आकसतें आणि वायु निसटतो. ज्या बुचांवर आपलें पोट चालतें तींच निरुपयोगी करण्याचा हा खटाटोप त्यानें आरंभिला, याची मौज वाटते.

१८७० सालीं त्यानें पहिलें पेटंट घेतलें व १८७२ त सुधारलेलें. बाटलीच्या गळ्यांत कांचेची गोटी आणि तोंडाच्या आंतल्या खांचेंत रबराचें कडें. बाटली उलटी धरून भरली कीं गोटी तोंडाशीं येते व आंतील वायूच्या दाबानें कड्यास घट्ट चिकटून बसते. म्हणजे जो वायु पळून जावयाचा, त्यालाच कॉडनें पहारेकरी नेमिलें! गळा मध्यें चिमटलेला असल्यामुळें गोटी तळाशीं पडत नाहीं, आणि ओततांना ती बाजूच्या खोबणींत अडकते.

पुढें बार्न्सलीजवळील कांच-कारखानदार बेन रायलंड्स याच्याशीं १८७७ त त्यानें भागी केली. धंदा भरभराटला, परंतु १८८१ त बेन वारला, आणि त्याचा मुलगा डॅन याच्याबरोबरची भागी १८८४ त मोडली. त्या काळीं पेटंटाची मुदत अवघी १४ वर्षें असे. अर्थात् १८८७ त, एकूणपन्नासाव्या वर्षीं, कॉड निवर्तला, तेव्हां त्याच्या मुख्य शोधावरील हक्कहि सरला होता.

अमेरिकेंत १८९२ सालीं पेटंट झालेल्या पत्र्याच्या झांकणानें पुढें विलायतेंत ही बाटली मागें पडली. जपानांत व आपल्या देशांत मात्र ती टिकली. तिकडील मुलें गोटीसाठीं बाटल्या सर्रास फोडीत (आपल्याकडील मुलांस हें नव्यानें सांगावयास नको!), म्हणून अखंड बाटलीस संग्राहक जपतात. जुन्या उकिरड्यांतून त्या खणून काढतात. गडद निळी सांपडली तर भाग्यच. कांचेवरील उठावाच्या अक्षरांवरून कारखाना व गांव यांचा शोध लागतो. कांहींवर कॉडच्या पेटंटाचा उल्लेख असतो, तर कांहींवर डॅन रायलंड्सचें नांव.