टर्बो घ्यायची? आधी ब्यूखीला भेटा

सीन ओळखीचा आहे. कॉलेज संपत आलंय, पार्ट टाइम करून थोडे पैसे साठलेत, उरलेले बाबा घालणार आहेत. बजेटमध्ये सात-आठ वर्षांची एक हॅचबॅक बसते. रंग मस्त, टायर बरे, किलोमीटर कमी. बॉनेटखाली छोटंसं टर्बो पेट्रोल इंजिन. तुम्ही मनातल्या मनात लोणावळ्याला पोचलेले असता आणि तेवढ्यात काका नाक मुरडतात. टर्बो पेट्रोल सेकंडहँडमध्ये घ्यायची नसते, असा त्यांचा निकाल लागलेला असतो.

काका पूर्ण चूक नाहीत, पण पूर्ण बरोबरही नाहीत. ते नेमके कुठे बरोबर आहेत हे समजून घ्यायचं तर एका स्विस माणसाला भेटावं लागेल. आल्फ्रेड ब्यूखी त्याचं नाव. टर्बोचार्जर त्याच्या डोक्यातून आला, आणि तो नीट चालायला वीस वर्षं लागली. ही वीस वर्षं कशात गेली ते कळलं की सेकंडहँड टर्बोत काय बघायचं, तेही कळतं.

ब्यूखीचा जन्म ११ जुलै १८७९ चा, गाव विंटरथूर. हे कारखान्यांचं गाव, आणि तिथला मोठा कारखाना सुल्झरचा. इचलकरंजीच्या मुलांनी हे नाव मागांमुळे ऐकलं असेल. तीच ही सुल्झर. पण त्या काळी ती वाफेच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध होती आणि पुढे मोठ्या डिझेल इंजिनांसाठी झाली. ब्यूखीचे वडील तिथेच वरच्या हुद्द्यावर होते. म्हणजे घरात जेवताना सुद्धा इंजिनाचाच विषय. पोरगा झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला, १९०३ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला आणि बेल्जियम, इंग्लंडमध्ये नोकऱ्या करू लागला.

त्याला एक गोष्ट सलत होती. इंजिनात जाळलेल्या इंधनातली बरीचशी ऊर्जा गरम धुराबरोबर नळीतून बाहेर निघून जाते. आपण चहा उकळताना गॅस भांड्याबाहेर जळत राहावा, तसं. १६ नोव्हेंबर १९०५ या दिवशी त्याने जर्मनीत पेटंट मिळवलं. कल्पना अशी की बाहेर जाणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचं, त्या चक्राच्या ताकदीने दुसरं चक्र फिरवायचं आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त म्हणजे इंधन जास्त जाळता येणार, म्हणजे तेवढ्याच इंजिनातून ताकद जास्त. आज तुम्ही बघायला गेलेल्या हॅचबॅकमध्ये हेच चाललेलं असतं. तेव्हा ब्यूखीचं वय होतं २६.

आता इथे कोणाही हुशार पोराला वाटेल की बस, झालं. ब्यूखीलाही बहुधा वाटलं असावं. १९०९ मध्ये तो सुल्झरमध्ये परतला, डिझेल संशोधनाचं काम त्याच्याकडे आलं, प्रयोग सुरू झाले. आणि यंत्र काही केल्या नीट चालेना. १९१५ च्या सुमाराचं त्याचं प्रयोगाचं यंत्र पुरेसा दाब टिकवून धरू शकलं नाही. टर्बाइन बनवण्यात हात बसलेल्या ब्राउन बोवेरी या बाडेनच्या कंपनीकडे तो सहकार्य मागायला गेला, त्यांनी तेव्हा रस घेतला नाही. कल्पना कागदावर बरोबर होती. तिला झेपणारा धातू, पाती आणि बेअरिंग त्या काळाकडे नव्हती. त्या वेळच्या जर्मन कायद्यात पेटंटचं नेहमीचं आयुष्य १५ वर्षांचं असायचं. म्हणजे आपलीच कल्पना जगाच्या मालकीची होण्याची वेळ आली तरी ब्यूखीच्या हातात दाखवायला धड चालणारं यंत्र नव्हतं. या माणसाने नोकरी सांभाळून आपला उरलेला वेळ दुसऱ्या कशाला दिला असता तर कोणी नावं ठेवली नसती.

दरम्यान अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉसने १९१८ मध्ये विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या डोंगरावर नेलं आणि टर्बो लावून दाखवलं की विरळ हवेतही ताकद कमी होत नाही. म्हणजे कल्पना खरी होती. कमी पडत होतं ते टिकणं.

ब्यूखीला वाट सापडली ती १९२५ मध्ये, आणि ती नळ्यांमध्ये सापडली. तोवर सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करून चक्रावर सोडण्याचा विचार असायचा. त्याने सिलिंडरचे गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळी नळी दिली, म्हणजे एका सिलिंडरमधून सुटलेला धुराचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही आणि चक्राला एकामागून एक ठोके बसतात. शिवाय धूर बाहेर जाताना आणि हवा आत येताना दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे ठेवले. ताजी हवा उरलासुरला जळका वायू ढकलून बाहेर काढते आणि जाता जाता इंजिन आतून गार करते. हा दुसरा भाग मला जास्त आवडतो, कारण ताकद वाढवायला निघालेला माणूस आधी उष्णतेचा बंदोबस्त करतोय. आजच्या गाड्यांच्या जाहिरातीत ट्विन स्क्रोल असा शब्द दिसला तर धुराच्या वेगळ्या नळ्यांची तीच युक्ती समजा.

पुढचं झपाट्याने झालं. ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्त्सिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांची दहा सिलिंडरची डिझेल इंजिनं १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. ब्राउन बोवेरी आता सोबत होती. ब्यूखीने १९२६ मध्ये सुल्झर सोडली आणि स्वतःच्या सिंडिकेटमार्फत जगभर परवाने दिले. १९३८ मध्ये त्याच्या जुन्या पॉलिटेक्निकने मानद डॉक्टरेट दिली. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी तो विंटरथूरमध्येच गेला.

तारीख नीट बघा. पेट्रोलवर चालणारी टर्बो कार शोरूममध्ये आली ती त्यानंतर तीन वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेत. ब्यूखीचं सगळं आयुष्य डिझेलवर, तेही जहाजांच्या आणि वीजघरांच्या संथ, अवाढव्य इंजिनांवर गेलं. पेट्रोलची गोष्ट वेगळी असते. त्याचा धूर जास्त तापतो, ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातो. शिवाय दाबलेल्या गरम हवेत पेट्रोल ठिणगी पडायच्या आधीच किंवा भलत्याच जागी पेटू शकतं. इंजिन ठोकतं म्हणतात ते हेच. ओल्ड्समोबाइल जेटफायर या त्या पहिल्या गाड्यांपैकी एकीत यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जायचं. त्याची टाकी मालकाने भरायची. मालक विसरायचे. गाडीची ताकद आपोआप कमी व्हायची, तक्रारी यायच्या. शेवटी कितीतरी गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवावे लागले. मॉडेल दोनच वर्षं चाललं. पुढे १९८० च्या दशकात साबने इंजिनाची ठोकर ऐकून हवेचा दाब आपोआप कमी करणारी यंत्रणा आणली, तेव्हा टर्बो पेट्रोल रोजच्या वापरात विश्वासाची झाली.

जेटफायर डोक्यात ठेवून आता त्या हॅचबॅककडे या. आपल्याकडे छोटे टर्बो पेट्रोल वाढले त्यामागे करही आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी, मग छोट्या इंजिनातून ताकद काढायला टर्बो. त्या गाडीतलं चक्र जोरात असताना मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास जाऊ शकतं. त्याचा दांडा बहुतेक गाड्यांत ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. एका बाजूला तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला हवा, मध्ये हे ऑइल. म्हणून टर्बो क्वचितच स्वतःहून मरतो. बहुतेक वेळा त्याला जुनं, चुकीचं किंवा कमी ऑइल मारतं.

म्हणून किलोमीटरआधी सर्व्हिसची बिलं मागा. आठ वर्षांत ३५ हजार किलोमीटर म्हणजे फार जपलेली गाडी असं नाही. रोज दोन किलोमीटर भाजीला जाणारी गाडी नीट तापतच नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी साचतं, आणि मालक म्हणतो किलोमीटर झालेच नाहीत, ऑइल कशाला बदलू. बिलावर ऑइलचा ग्रेड बघा आणि गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. यातली जी इंजिनं थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारतात, त्यांत कमी आरपीएमवर अवेळी पेट घेण्याचा धोका ऑइलच्या जातीवरही अवलंबून असतो. त्याच इंजिनांत आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण तिथे पेट्रोलची धुलाईच होत नाही. गाडी उभी असताना थरथरते का ते बघा.

गाडी बघायला सकाळी जा, आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका असं मालकाला फोनवर सांगा. स्टार्ट करताना खडखड, शिट्टीसारखा वाढता आवाज, निळा धूर यावर लक्ष ठेवा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी तापल्यावर पाचेक मिनिटं उभी ठेवून मग एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबा, गळणारा टर्बो तेव्हा पकडला जातो. हवेच्या पाइपच्या आत ऑइलचा हलकासा ओलावा असेल तर घाबरू नका, थबकं असेल तर घाबरा. मग चढावर न्या. ताकद अडखळत येत असेल तर पाइप फाटलाय, व्हॉल्व्ह अडकलाय की टर्बो गेलाय, हे स्कॅनर लावल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, काकाही नाही. स्कॅनरवाल्या मेकॅनिकला फी द्या आणि मालकाच्या ओळखीचा मेकॅनिक टाळा.

शेवटी मालकाला सहज विचारा, घाट चढून आल्यावर गाडी बंद कशी करता? मिनिटभर चालू ठेवून मग किल्ली फिरवतो म्हणाला, तर ऑइलच्या बिलांसाठी हात पुढे करा.