कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि त्यांची कार्यशाळा

समाजातील थोर पुरुषांचे पुण्यस्मरण करण्याचा प्रघात आपल्या स्मरणिकेत पहिल्यापासून आहे. परंतु स्मरण हे केवळ जयजयकारासाठी करावयाचे नसते. ज्या कामास आज आपण हात घातला आहे, ते पूर्वी कोणी कसे केले, त्यात त्यास कोठे यश आले व कोठे ठेच लागली, हे पाहून आपले पाऊल नीट टाकावे, हा त्यातील खरा हेतू होय. मंडळाच्या सभागृहात दर रविवारी सकाळी सुतारकामाचा विनामूल्य वर्ग भरतो, हे सभासद कुटुंबांस विदित आहेच. कारखान्यांतून निवृत्त झालेले आपले काही बांधव पदरमोड करून मुलांस करवत व रंधा धरावयास शिकवितात. हा वर्ग समाजाच्या मुलांपुरताच ठेवावा की आजूबाजूच्या सर्वांस खुला करावा, आणि मुलींस त्यात प्रवेश द्यावा की नाही, असा प्रश्न सध्या सभासदांपुढे आहे. अशा समयी कोल्हापूरच्या कलामहर्षी बाबूराव पेंटर ह्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

बाबूरावांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे हत्यारावर पोट भरणारे. वडील कृष्णराव हे सुतारकाम, कोरीवकाम व चित्रकला ह्यांत निष्णात होते. शाळेतील शिक्षण बाबूरावांच्या वाट्यास फारसे आले नाही, व मुंबईच्या कलाशाळेची पायरीही त्यांनी विद्यार्थी म्हणून चढली नाही. वडिलांच्या हाताखाली जे पाहिले आणि स्वतः करून जे उमगले, तेच त्यांचे विद्यापीठ. आपल्या कारागीर कुळांतून विद्या अशीच पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलेली आहे. पुढे रंगकामावरून लोक त्यांस पेंटर म्हणू लागले आणि धंद्याचे ते नाव मूळ आडनावाच्या जागी कायमचे बसले.

त्या काळचे कोल्हापूर म्हणजे राजर्षी शाहू छत्रपतींचे कोल्हापूर. महाराज १८९४ पासून १९२२ पर्यंत गादीवर होते. मल्ल, गवई, नट व चित्रकार ह्यांस त्यांचा आश्रय होता; आणि १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघावयास त्यांच्याच प्रेरणेने आरंभ झाला होता. अशा वातावरणात बाबूराव व त्यांचे नात्यातील बंधू आनंदराव पेंटर ह्या जोडीने नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यास सुरुवात केली. सुमारे १९१० ते १९१६ ह्या काळात पडदे रंगवावेत तर ह्या बंधूंनीच, अशी त्यांची ख्याती झाली. सपाट कापडावर राजवाडा असा उभा करावयाचा की शेवटच्या रांगेतील प्रेक्षकास त्याच्या दालनांतून चालत जावेसे वाटावे, ही ती विद्या.

१९१३ साली दादासाहेब फाळके ह्यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट पडद्यावर आला आणि दोघां बंधूंस चित्रपटाचा ध्यास लागला. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र विकत आणले, खेळ लावले, आणि खेळ लावता लावता त्या यंत्राची रचना समजावून घेतली. परंतु दाखविण्याच्या यंत्राने चित्रण होत नाही. त्यास कॅमेरा हवा. विलायती कॅमेरा घेण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. तेव्हा तो आपणच घडवावा, असा निश्चय त्यांनी केला.

हे काम किती नाजूक आहे, हे हत्यार धरणाऱ्या वाचकांस सहज ध्यानी येईल. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या दोन्ही कडांस भोके असतात. एका चित्रास चार भोके, अशा बेताने एका आकड्याने ती फीत खाली ओढावयाची, क्षणमात्र अगदी निश्चल धरावयाची, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश आत घ्यावयाचा, झडप मिटताच फीत पुन्हा ओढावयाची. हाताने दांडा फिरवून सेकंदास सुमारे सोळा वेळा हे घडले पाहिजे. आकडा केसभर चुकला तर पडद्यावरील चित्र थरथरते. पेटी कोठे फटीची राहिली तर प्रकाश शिरून सारी फीत वाया जाते. म्हणजे गुण्यात बसलेला सांधा आणि काटेकोर मोजमाप, हेच त्याचे मर्म. हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदरावांचे अकाली निधन झाले. जोडीचा एक हात गळून पडला. तरीही बाबूरावांनी विष्णुपंत दामले ह्या आपल्या शिष्यास बरोबर घेऊन प्रयत्न चालू ठेवला, आणि १९१८ साली चालता कॅमेरा सिद्ध केला. त्याच सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री १९२० साली पुण्यात झळकला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी दिली. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी कराव्यात, अशी रंगभूमीची वहिवाट असताना बाबूरावांनी ह्या चित्रपटात स्त्रियांनाच काम दिले. त्या काळी चित्रपटात उतरणाऱ्या स्त्रीकडे लोक कोणत्या नजरेने पाहत, हे सांगावयास नको. पण कामास जे योग्य, ते करावयाचे, एवढीच त्यांची कसोटी होती.

आमच्या मते कारागीर समाजाने विशेष ध्यानात ठेवावी अशी त्यांची कामगिरी म्हणजे देखाव्यांची. ज्या रंगविलेल्या पडद्यांवर त्यांनी नाव कमावले, तेच पडदे त्यांनी चित्रपटात बाजूस सारले व त्यांच्या जागी खांब, कमानी व दालने ह्यांसह घनाकार देखावे उभे केले. आपल्याच हातखंड्याची गोष्ट कामास अपुरी पडते असे दिसताच ती सोडून देणे, ह्यास मोठे मन लागते. चित्रीकरणापूर्वी पोशाखांची व प्रसंगांची रेखाटने करणे, भित्तिपत्रके स्वतः रंगविणे, १९२१-२२ पासून चित्रपटाची माहितीपुस्तिका काढणे, आणि १९२३ सालच्या सिंहगडमध्ये कृत्रिम प्रकाशाचा उपयोग करणे, ही सर्व त्यांचीच कल्पकता.

१९२५ सालचा सावकारी पाश हा तर आपल्या भागाने आवर्जून आठवावा असा चित्रपट. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो, अशी त्याची कथा. त्यात तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम ह्यांनी केली होती. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पुढे चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. ह्या घडामोडीत शेतकऱ्याचे शेत गेले, तशीच बलुतेदाराची बलुतीही गेली. नांगर, तिफण व बैलगाडी घडविणारा सुतार ओतशाळेत लाकडी नमुने करू लागला. ओतलेले लोखंड निवताना आकसते म्हणून नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो, हे गणित त्याने अल्पावधीत आत्मसात केले. काहींनी यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठविण्यासाठी लाकडी पेट्या ठोकण्याचे काम पत्करले. त्यांची नातवंडे संगणकाच्या कळा दाबून लोखंड कापतात. कोणी बेकार राहिले नाही, ही समाधानाची गोष्ट; परंतु घरातील वाकस व पटाशी माळ्यावर गेली. आपला रविवारचा वर्ग ती खाली काढण्यासाठी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाबूरावांच्या कंपनीत कोण कोण होते, ते पाहा. पेणचे विष्णुपंत दामले, कोल्हापूरकडचे शेख फत्तेलाल, ज्यांस सारे साहेबमामा म्हणत, केशवराव धायबर, आणि हुबळीच्या रेल्वे कार्यशाळेत काम करून आलेला शांताराम नावाचा पोरसवदा तरुण. जात निराळी, धर्म निराळा. बाबूरावांनी त्यांचे कूळ विचारले नाही, हात पाहिला. तेथे निराळा वर्ग नव्हता, फळा नव्हता, शुल्क नव्हते. रंग कालवण्यापासून यंत्र दुरुस्त करण्यापर्यंत व भूमिका करण्यापर्यंत प्रत्येकाने प्रत्येक काम करावयाचे. शिष्य तयार झाला की गुरूने त्याच्यावर जबाबदारी टाकावयाची. १९२८ सालचा महारथी कर्ण हा चित्रपट दामले व फत्तेलाल ह्यांच्यावर सोपविला गेला, तो ह्याच रीतीने.

आपली विद्या परक्यांस शिकविली तर आपल्या मुलांच्या तोंडचा घास जाईल, अशी भीती काही सभासद बोलून दाखवितात. ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. बाबूरावांच्या चरित्रातच तिला पुष्टी मिळेल असा प्रसंग आहे. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम हे चौघेही कंपनी सोडून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी ह्यांच्यासह त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. त्यानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनीस उतरती कळा लागली. १९३१ पासून बोलपट आले व थोड्याच काळात ती बंद पडली. गुरूची कार्यशाळा मिटली व शिष्यांची भरभराट झाली, असा ह्याचा वरवरचा अर्थ निघेल.

परंतु जरा खोल पाहावे. प्रभातने १९३६ साली काढलेला संत तुकाराम दामले व फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची गणना उत्कृष्ट चित्रपटांत झाली. आपल्या उशाशी असलेल्या देहूच्या तुकोबांचे चरित्र ज्यांनी सातासमुद्रापलीकडे पोहोचविले, ते दोघे बाबूरावांच्या कार्यशाळेत घडले होते. त्यांतील एक जन्माने मुसलमान होता. बाबूरावांनी दार लावून घेतले असते, तर महाराष्ट्र ह्या ठेव्यास मुकला असता. पुण्यातील प्रभातच्या जागेत १९६० पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था चालत आहे. म्हणजे ती परंपरा खुंटली नाही, विस्तारली. शिवाय गुरुशिष्यांचा दुवाही तुटला नाही. १९४७ सालचा लोकशाहीर रामजोशी हा चित्रपट बाबूरावांनी शांतारामांच्याच संस्थेसाठी केला. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव निवर्तले. धनसंचयाने त्यांचे नाव राहिले नाही, शिष्यांमुळे राहिले.

ठेच कोठे लागली, तेही सांगितले पाहिजे. चार कर्ते हात एकाच वेळी निघून गेले आणि मागे कार्यशाळा सांभाळील अशी दुसरी फळी उरली नाही. आपल्या वर्गाची स्थिती आज तशीच आहे. शिकविणारे मोजके, तेही साठी उलटलेले. त्यांच्यानंतर कोण, ह्याचे उत्तर तयार नाही. मुलांची संख्या कमी करून हे उत्तर मिळणार नाही. मुले अधिक असतील, तर त्यांतून उद्याचे शिक्षक निघतील.

म्हणून सभासदांस आमची अशी सूचना आहे. वर्ग सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींस खुला करावा. पटाशीस धार लावणे, आखलेल्या रेघेवर करवत चालविणे, गुण्याने कोपरा तपासणे, आणि खाचेत कुसू बसविणे, एवढा पाठ पुरा करणाऱ्या विद्यार्थ्याने पुढील वर्षी नव्या मुलांस शिकवावे आणि वर्गाच्या कारभारातही त्याचे मत घ्यावे, म्हणजे जाणते हात परके होणार नाहीत. निवृत्त बांधवांनी महिन्यातील दोन रविवार द्यावेत. ज्यांच्या घरी जुनी हत्यारे गंजत पडली आहेत, त्यांनी ती वर्गास द्यावीत.

विश्वकर्म्याची पूजा आपण हत्यारांस गंधफूल वाहून करतो. ते हत्यार दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी हाती चालले, तरच ती पूजा सार्थ होते. बाबूरावांनी ते आपले आणि परके असा भेद न करता अनेकांच्या हाती दिले. येत्या सर्वसाधारण सभेत मत देताना सभासदांनी ह्या चरित्राचे स्मरण ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.