वाटाणे मोजणारा मेंडेल

मी तुम्हाला ग्रेगर मेंडेल यांची गोष्ट सांगते. आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात १८२२ साली शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८३८ साली वडिलांच्या अंगावर लाकडाचा ओंडका पडला अन् शिक्षण थांबायची वेळ आली. तेव्हा धाकट्या बहिणीने, तेरेझियाने, आपल्या हुंड्यातला वाटा भावाला दिला. मला तर मेंडेलपेक्षा तीच जास्त आवडते! पुढे त्यांनी तिच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च केला.

१८४३ साली ते ब्रनोच्या मठात गेले. तिथल्या बागेत १८५६ ते १८६३ त्यांनी वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे तपासली. गोल नि सुरकुतलेल्या वाटाण्यांचा संकर केला, तर सगळे गोलच! पण पुढच्या पिढीत ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. म्हणजे तिनास एक. सुरकुती नुसती लपली होती. १८६५ साली त्यांनी हे सभेत वाचलं, पण महत्त्व कुणाला कळलं नाही. १८८४ साली ते वारले. १९०० साली जगाला त्यांचं काम समजलं.

सुरकुतीचं कारण १९९० साली सापडलं. पेशीच्या केंद्रकात जनुक असतो. त्याची नक्कल बाहेर येते. रायबोसोम तिची तीन-तीन अक्षरं वाचून अमिनो आम्लं माळेसारखी ओवतो, तेच प्रथिन. सुरकुतलेल्या वाटाण्याच्या जनुकात एक जादा तुकडा घुसलाय. म्हणून स्टार्च बनवायला लागणारं एक प्रथिन नीट तयार होत नाही. साखर उरते, दाणा जास्त पाणी ओढून फुगतो, आणि वाळला की आक्रसतो.