महाबळेश्वरला द्रव, सांगलीला ना द्रव ना वायू: थॉमस अँड्र्यूज यांची गोष्ट

डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला भिंतीवर टांगलेला, आग विझवायचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर डोळ्यांसमोर आणा. आत खाली द्रव, वर वायू. आता तोच सिलिंडर मे महिन्यात सांगलीला आणा, पारा ३८ च्या पुढे. आतला द्रव गायब! आणि जे उरलंय त्याला साधा वायूही म्हणता येत नाही. मग आहे तरी काय?

हे कोडं उलगडलं बेलफास्टच्या एका डॉक्टरनं.

थॉमस अँड्र्यूज यांचा जन्म १८१३ चा. वडील लिनन कापडाचे व्यापारी. ग्लासगो, पॅरिस, डब्लिन असं शिकत शिकत त्यांनी १८३५ मध्ये एडिनबराहून वैद्यकीची पदवी घेतली. त्याआधीच, १८३२ च्या कॉलऱ्याच्या साथीत, त्यांनी रुग्णांच्या रक्ताचं रासायनिक परीक्षण केलं होतं. पुढची दहा वर्षं बेलफास्टमध्ये पेशंटही बघायचे आणि रसायनशास्त्रही शिकवायचे. १८४५ मध्ये नव्या कॉलेजात नेमणूक झाली आणि प्रॅक्टिस सुटली. ओझोन हे ऑक्सिजनचंच रूप आहे, हेही त्यांनीच पक्कं केलं.

त्या काळी ऑक्सिजन, हायड्रोजनसारखे काही वायू कितीही दाबले तरी द्रव होत नसत. लोकांना वाटे, दाब कमी पडतोय. अँड्र्यूज यांनी जाड काचेच्या केसासारख्या बारीक नळीत कार्बन डायऑक्साइड भरला, पाऱ्यानं कोंडला आणि पोलादी स्क्रू पिळत दाब वाढवत नेला. (नळी फुटली तर काय, हा विचार आपल्याला घरबसल्या सुचतो.) ३१ अंशांच्या आसपास द्रव आणि वायू यांच्यामधली रेघ पुसट होत नाहीशी झाली. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव वेगळा होतच नाही. म्हणजे अडचण दाबाची नव्हती, तापमानाची होती! १८६९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी हे मांडलं. पुढे १८७७ मध्ये ऑक्सिजन द्रवरूप झाला, तो आधी गार केला म्हणूनच.

आता आपल्या कामाचा भाग. ३१ अंश आणि सुमारे ७३ वातावरणांच्या वर हा पदार्थ वायूसारखा बारीक फटीत शिरतो आणि द्रवासारखा विरघळवतो. कच्च्या तेलातले हलके हायड्रोकार्बन तो उचलतो, डांबरासारखा जड भाग मागे ठेवतो. दाब सोडला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तेल खाली राहतं आणि तोच वायू पुन्हा दाबून वापरता येतो. जमिनीखालच्या खडकात तर तो तेलात मुरून त्याला फुगवतो, पातळ करतो. टेक्सासमधल्या स्करी परगण्यात १९७२ पासून मोठ्या प्रमाणावर हेच करून थकलेल्या विहिरींतून तेल काढलं जातंय.

सांगलीच्या हळदीतलं सुगंधी तेलही असं निघतं, हेक्झेनचा अंशही न राहता. पिवळा कर्क्युमिन मात्र नुसत्या कार्बन डायऑक्साइडला फारसा दाद देत नाही.

१८७९ मध्ये अँड्र्यूज निवृत्त झाले. त्याच वर्षी हॅने आणि हॉगार्थ यांनी दाखवलं की अशा अवस्थेतल्या पदार्थात घन वस्तूही विरघळतात. पुढच्या वर्षी 'सर' किताब देऊ केला गेला. तब्येतीमुळे त्यांनी तो नाकारला. २६ नोव्हेंबर १८८५ ला बेलफास्टमध्येच ते गेले.